लांबलेले महानगर : ‘रावण अँड एडी’ आणि कादंबरीकाराचे परतणे

महानगरीय कादंबरीचा विचार करताना मराठी समीक्षेने आजवर प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले आहेत. लेखकाचा महानगराचा अनुभव अस्सल आहे की उसना, हा पहिला. आणि त्या अनुभवाला त्याच्याच वस्तीची भाषा मिळाली आहे की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. मात्र त्यांच्या आड एक गृहीतक दडलेले असते, आणि ते फारसे तपासले गेलेले नाही. महानगरीय कादंबरी ही समकालीनच असली पाहिजे, शहर जसे घडते आहे त्याच वेगाने ती लिहिली गेली पाहिजे, असे ते गृहीतक होय. ग्रामीण कादंबरीकाराने सोडून आलेल्या गावाकडे पंचवीस वर्षांनी वळून पाहावे, हे समीक्षेला स्वाभाविक वाटते. किंबहुना स्मृतीचे हे अंतर ग्रामीण साहित्याचे एक बलस्थानही मानले जाते. शहराच्या बाबतीत मात्र स्मृती संशयास्पद ठरते. शहर आठवायचे नसते, ते भोगायचे आणि मांडायचे असते, अशी काहीशी ही धारणा आहे. योजलेली कादंबरी लेखकाकडून मागे पडली, दीड-दोन दशके तशीच राहिली आणि मग तो तिच्याकडे परत आला, तर या लांबणीचा कादंबरीच्या रूपावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यामुळे अस्पर्शित राहिला.

किरण नगरकर (१९४२–२०१९) यांची ‘रावण अँड एडी’ ही कादंबरी या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही त्यांची पहिली कादंबरी १९७४ मध्ये मौज प्रकाशनातर्फे मराठीत प्रसिद्ध झाली. ‘रावण अँड एडी’ इंग्रजीत प्रसिद्ध झाली ती १९९५ मध्ये. दोन कादंबऱ्यांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. पण ते दोन स्वतंत्र संकल्पनांमधील अंतर नव्हे. माझगावच्या एका चाळीतील दोन मुलांची ही कथा १९७० च्या दशकातच नगरकरांना सुचली होती. प्रथम ती चित्रपटकथेच्या रूपात मांडली गेली. मग ती कादंबरी म्हणून मराठीत लिहिण्यास आरंभ झाला, काही मजकूर झाला, आणि लेखन थांबले. पुढे लेखक तिच्याकडे परतला तेव्हा भाषा बदलली होती, आणि ज्या शहराविषयी लिहायचे होते ते शहरही बदलले होते.

यांपैकी पहिल्या बदलाविषयी मराठीत पुष्कळ बोलले गेले. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात देशीवादाची मांडणी केल्यानंतरच्या वातावरणात मराठी कादंबरीकाराचे इंग्रजीकडे वळणे हे भाषांतर न वाटता पक्षांतर वाटणे अपरिहार्यच होते. दुसऱ्या बदलाकडे मात्र दुर्लक्ष झाले. वस्तुतः ‘रावण अँड एडी’चे सामर्थ्य आणि तिच्यातील उणिवा या दोहोंचा उलगडा भाषाबदलापेक्षा विलंबाने अधिक नेमकेपणाने होतो.

नगरकरांच्या पहिल्या कादंबरीत विलंबाला जागाच नव्हती. ‘सात सक्कं त्रेचाळीस’चा नायक कुशंक पुरंदरे हा आपल्याच आयुष्यात भाडेकरू असल्यासारखा वावरतो. प्रथमपुरुष आणि द्वितीयपुरुष यांच्यात सतत हेलकावे खाणारे निवेदन, कालक्रमाची मोडतोड, प्रसंगांमध्ये कार्यकारणभाव शोधण्यास दिलेला नकार या साऱ्यांतून तेथे महानगर येते ते दृश्य म्हणून नव्हे, तर मज्जातंतूंवरील ताण म्हणून. गल्लीचे नाव, इमारतीची उंची, नळाची वेळ असा तपशील निवेदकाला जुळवावासा वाटत नाही, कारण तो त्या तपशिलाच्या आतच अडकलेला आहे. शीर्षकातील चुकलेला पाढाही हेच सुचवतो. हिशेब जुळत नाही, आणि तो जुळवून दाखवील असा कोणी बाहेर उभा नाही. या कादंबरीला मराठीत मर्मज्ञ वाचक लाभले, पण ते मोजकेच.

त्यानंतरच्या दीर्घ मौनाची चरित्रात्मक कारणे सांगितली जातात, आणि ती खोटी नाहीत. नगरकरांचे मराठीतून झालेले शिक्षण प्राथमिक शाळेच्या चार इयत्तांपुरते होते. म्हणजे मराठीत कादंबरी लिहिणे हेच मुळात त्यांच्यासाठी परतणे होते. महाभारताचा आधार घेऊन १९७८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘बेडटाइम स्टोरी’ या नाटकाला सेन्सॉर मंडळाने असंख्य काटछाटी सुचवल्या. धर्माभिमानी गटांच्या दबावामुळे ते अनेक वर्षे रंगमंचापर्यंत पोहोचू शकले नाही. जाहिरात व्यवसायातील नोकरी होतीच. तथापि केवळ चरित्रावर भिस्त ठेवणारी समीक्षा येथे अपुरी पडते. ज्या कादंबरीचा आराखडा लेखकाजवळ होता आणि जिचा काही भाग कागदावर उतरला होता, ती कादंबरी तेव्हाच्या मराठीत पुढे का सरकेना, याला वाङ्मयीन कारणही असले पाहिजे.

ते शोधायचे तर त्या काळी चाळीविषयी लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकासमोर कोणते नमुने होते, हे पाहावे लागते. सर्वांत ठळक नमुना अर्थातच पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’चा (१९५८). या पुस्तकाने चाळीला मराठी वाङ्मयात एक कायमचा पत्ता मिळवून दिला. त्याचबरोबर तिचे प्रवेशद्वार बरेच अरुंदही केले. तेथील चाळ विनोदी आहे, गजबजलेली आहे. पण ती प्रामुख्याने पांढरपेशा मध्यमवर्गाची चाळ आहे. तिच्यातील भांडणे शेवटी गोडीगुलाबीत विरतात, आणि अखेरच्या चिंतनात ती हळव्या स्मरणाचा विषय होते. विनोदाचा हा सूर इतका लोकप्रिय झाला की त्यानंतर चाळीविषयी विनोदी लिहिणे म्हणजे हळवे लिहिणे, असे समीकरणच जणू रूढ झाले. दुसऱ्या बाजूला बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह आणि जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी (दोन्ही १९६३) होती. १९६५ मध्ये त्यांत भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ची भर पडली. या लेखकांनी पांढरपेशा चाळीच्या गॅलरीतून खाली उतरून झोपडपट्टी, नाका आणि कामगारवस्ती यांची भाषा मराठीत आणली. ‘वासूनाका’भोवती अश्लीलतेचा वाद पेटला, ही घटना मराठी अभिरुचीविषयी जितके सांगते तितके त्या कादंबरीविषयी सांगत नाही. पाध्ये हे प्रतीक्षा न करणारे लेखक होते. शहर जसे समोर आले तसे त्यांनी ते घेतले. त्यांच्या वाक्यालाही थांबायला वेळ नसतो.

नगरकरांच्या संकल्पित कादंबरीला या दोन्हींपैकी एकही नमुना पुरणारा नव्हता. तिला विनोद हवा होता, पण हळवेपणा नको होता. तळाचे वास्तव हवे होते, पण आक्रोशाचा किंवा बेदरकारीचा सूर नको होता. शिवाय या चाळीत एक असा मजला होता ज्याच्याकडे मराठी कादंबरीने फारसे पाहिलेच नव्हते. चौथ्या मजल्यावर हिंदू कुटुंबे आणि त्यांच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, गोव्याहून आलेली कॅथलिक कुटुंबे. माझगाव, डॉकयार्ड, भायखळा या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेला हा समाज मराठी कथात्म साहित्यात आला तो बहुधा एखाद्या दारूच्या गुत्त्याची मालकीण म्हणून किंवा मोडके मराठी बोलणारे विनोदी पात्र म्हणून. (हिंदी चित्रपटाने याच साच्यावर कित्येक वर्षे गुजराण केली, मराठी साहित्याला त्यावरून नाक मुरडण्याचा फारसा अधिकार नाही.) कुटिन्हो कुटुंबाला पूर्ण माणूसपण देणारी मराठी कशी असेल, हा प्रश्न सोडवण्यासाठी हाताशी परंपरा नव्हती. मराठीतील लेखन थांबले त्यामागे हा पेच असावा, असा तर्क कादंबरीच्या घडणीवरून करता येतो.

विलंबाच्या काळात मुंबई मात्र थांबली नाही. १९५१ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख असलेली बृहन्मुंबईची लोकसंख्या १९९१ पर्यंत जवळपास एक कोटी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींनी आणि मार्च १९९३ मधील बॉम्बस्फोटांनी शेजार या कल्पनेचाच अर्थ बदलला. ‘रावण अँड एडी’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी शहराचे इंग्रजी नावही अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले. म्हणजे कादंबरीतील ‘बॉम्बे’ हा शब्द छापून येतो न येतो तोच ऐतिहासिक झाला.

नगरकर परतले ते या सर्व घडामोडींनंतर, आणि त्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला, किंवा मूळ निर्णय बदलला नाही: कथेचा काळ पुढे आणला नाही. सी.डब्ल्यू.डी. चाळ क्रमांक १७ चे जग स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू होते आणि पन्नाशीच्या दशकातून पुढे सरकते. हा काळ रेशनचा आणि दारूबंदीचा, पहाटेच्या नळाचा, एल्व्हिस प्रेस्ली आणि शम्मी कपूर एकाच गल्लीत नांदण्याचा. १९७० च्या दशकात ही कथा लिहून पूर्ण झाली असती तर ती नजीकच्या बालपणाची कथा ठरली असती. १९९५ मध्ये ती नामशेष होऊ लागलेल्या एका नागरी व्यवस्थेची कथा झाली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नगरकरांच्या काल्पनिक चाळीच्या नावातील सरकारी आद्याक्षरांचा खट्याळपणा लगेच कळतो. त्या चाळी १९९५ मध्ये उभ्या होत्या. पण त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पुनर्विकासाची होऊ लागली होती.

विलंबाचा खरा परिणाम दिसतो तो निवेदकाच्या घडणीत. ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये बाहेर उभा राहणारा कोणी नव्हता, ‘रावण अँड एडी’मध्ये निवेदक ठामपणे बाहेर आणि वर उभा आहे. तो सर्वज्ञ आहे, गप्पिष्ट आहे, कथा अडवून पाण्यावर, शेजाऱ्यांवर, गरिबीवर प्रवचन झोडणारा आहे. हा आवाज तरुण लेखकाचा नव्हे. ज्याच्यासाठी शहर आता भोगण्याची गोष्ट राहिलेली नाही, सांगण्याची झाली आहे, अशा माणसाचा तो आवाज आहे. मिखाइल बाख्तिन यांची कालावकाशाची संकल्पना येथे उपयोगी पडते, ती एका मर्यादेपर्यंत. चाळ हा या कादंबरीचा कालावकाश आहे हे उघडच आहे. पण येथे अवकाश एक आणि काळ दोन आहेत. पात्रांचा काळ १९५० च्या आसपासचा, निवेदकाचा १९९० नंतरचा. या दोन काळांमधील फटीतून कादंबरीचा विनोद येतो आणि तिची भीतीही.

आरंभीचा प्रसंग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. चौथ्या मजल्यावर पार्वतीबाईंच्या कडेवरचे तान्हे मूल खाली झेपावते. कामावरून परतणारा, वर पार्वतीबाईंकडे पाहत राहिलेला व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो आणि स्वतः मरतो. मूल वाचते. व्हिक्टरची पत्नी व्हायोलेट तेव्हा गरोदर आहे. तिला पुढे होणारा मुलगा म्हणजे एडी. वाचलेल्या मुलाचे नाव राम; दृष्ट लागू नये म्हणून आई त्याचा रावण करते. हा सारा योगायोग हिंदी चित्रपटाला शोभणारा आहे, आणि निवेदक ते लपवत नाही. लक्षणीय आहे ती या पतनाची दिशा. चाळीत मजल्यांचा क्रम ठरलेला आहे. हिंदू आणि कॅथलिक एकाच जिन्याने चढतात, पण एकमेकांच्या मजल्यावर थांबत नाहीत. एका मजल्याचे मूल दुसऱ्या मजल्याच्या माणसाच्या हातात पडते ते या व्यवस्थेच्या बाहेर, इमारतीच्या पोकळीत, आणि त्या एका स्पर्शाची किंमत मृत्यू ही असते. त्यानंतर कादंबरीभर दोन्ही नायक एकाच इमारतीत राहूनही जवळजवळ भेटतच नाहीत. दोन नायकांच्या कादंबरीत त्यांची मैत्री किंवा वैर यांपैकी काहीतरी वाढावे, ही वाचकाची अपेक्षा नगरकर शेवटपर्यंत ताटकळत ठेवतात. प्रकरणे एकाआड एक मजल्यांसारखी रचलेली आहेत. मध्ये जिना आहे, पण त्याचा उपयोग होत नाही.

मात्र दोघेही परस्परांच्या जगात चोरवाटांनी शिरतात. कॅथलिक एडी हिंदू संघटनेच्या ‘सभे’त दाखल होतो, तेथील कवायती आणि महाभारतातील कथा यांनी भारून जातो, घरी कळते तेव्हा हलकल्लोळ माजतो. रावण ‘दिल देके देखो’ (१९५९) या चित्रपटाच्या नादाने वेडा होतो, तर एडीला ‘रॉक अराउंड द क्लॉक’चे वेड लागते. ‘सभे’ची प्रकरणे सत्तरच्या दशकात मराठीत लिहिली गेली असती तर बहुधा शाळकरी खोडकरपणाच्या पातळीवर वाचली गेली असती. १९९२–९३ नंतर ती तशी वाचता येत नाहीत. एक कॅथलिक मुलगा आपल्या धर्माचा पत्ता चुकवून महाभारतावर हक्क सांगतो, यातील विनोदाला त्या हिवाळ्यानंतर एक गारठा चिकटला आहे, आणि निवेदकाला तो ठाऊक आहे. तो दंगलींचा उल्लेखही करत नाही. करण्याची गरजही नाही. लांबलेल्या लेखनाने पदरात टाकलेला हा लाभ आहे. लेखकाने तो योजला असेल किंवा नसेल. संहितेत तो आहे.

लाभाबरोबर हानीही आली, आणि ती नजरेआड करता येत नाही. निवेदकाची प्रवचने प्रत्येक वेळी तितकीच सशक्त नाहीत. पाण्याविषयीचे विवेचन अप्रतिम आहे, कारण पाणी हे चाळीतील सत्तेचे खरे चलन आहे आणि तेथे विषयांतर हाच विषय होतो. अन्यत्र मात्र ही विषयांतरे परक्या वाचकाला शहर समजावून सांगतात. ज्याने पहाटे चार वाजता बादली घेऊन रांग धरली आहे त्याला सांगण्याची ही पद्धत नव्हे. भाऊ पाध्यांचा निवेदक कधीही काहीही समजावत नाही. समजले नाही तर वाचकाने आपले पाहावे. नगरकरांचा निवेदक यजमान आहे, आणि यजमानाला पाहुण्यांची काळजी असते. येथे इंग्रजी आणि विलंब ही दोन कारणे एकमेकांत मिसळतात: अंतराने आलेला प्रौढ आवाज आणि भाषेने आणलेला दूरचा वाचक यांची युती काही ठिकाणी कादंबरीला शहराच्या मार्गदर्शिकेच्या जवळ नेते. पार्वतीबाई, शंकरराव यांच्या घरातील बोलण्याचा ठसकाही इंग्रजीत सपाट होतो. उलट पाचवा मजला इंग्रजीत मोकळा बोलतो. ज्या मजल्याला मराठीत आवाज सापडत नव्हता त्याला तो मिळाला, आणि ज्याला तो आपसूक होता त्याचा काही अंशी गेला. हा सौदा तोट्याचा होता असे देशीवादी भूमिकेवरून म्हणता येईल. पण त्या भूमिकेला कुटिन्होंच्या मजल्याविषयी काय म्हणायचे आहे, हेही मग सांगावे लागेल.

भाषांच्या उंबरठ्यावर उभा असलेला नगरकर हा एकटाच लेखक नव्हता. ‘सोलेदाद’ (१९७५) आणि ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) लिहिणाऱ्या विलास सारंग यांनी आपल्या कथा स्वतःच इंग्रजीत नेल्या. पण सारंगांचे महानगर हे बव्हंशी दुःस्वप्नाचे महानगर आहे. दुःस्वप्नाला रस्त्याचे नाव फारसे लागत नाही, म्हणून ते भाषांतरात कमी झिजते. नगरकरांची चाळ नावागावाची आहे, आणि म्हणून तिला स्थलांतराची झीज अधिक लागली.

एकदा परतलेला लेखक नंतरही परतत राहिला. ‘ककोल्ड’ (१९९७) या मेवाडच्या इतिहासावरील कादंबरीला २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती पुढे रेखा सबनीस यांच्या अनुवादातून ‘प्रतिस्पर्धी’ म्हणून मराठीत आली. त्यानंतर दीर्घ अवधीने नगरकर पुन्हा रावण आणि एडीकडे वळले : ‘द एक्स्ट्राज’ (२०१२) आणि ‘रेस्ट इन पीस’ (२०१५). पहिल्या भागाची धार या दोन्हींत नाही. नायक चाळीबाहेर पडून चित्रपटसृष्टीत शिरतात, आणि तेथे जिना नाही, मजले नाहीत; पहिल्या कादंबरीची रचना ज्या उभ्या छेदावर उभी होती तो छेदच नाहीसा होतो. शहराच्या जागी शहराविषयीचे आधीच परिचित झालेले किस्से येऊ लागतात. पहिल्या परतण्याला पंधरा-वीस वर्षांच्या अडलेपणाचा दाब होता. पुढच्या दोन्ही वेळी दार उघडेच होते.

‘रावण अँड एडी’ मराठीत अनुवादाच्या रूपाने उपलब्ध आहे, आणि मराठी वाचकासाठी ती एक विलक्षण संहिता आहे. मराठीत सुरू होऊन इंग्रजीत पूर्ण झालेली ही कादंबरी अनुवादात पुन्हा मराठीच्या अंगणात येते तेव्हा निवेदकाचे यजमानपण एकाएकी विनोदी दिसू लागते : तो चाळीत राहिलेल्या माणसाला चाळ समजावत असतो. मराठी समीक्षेने या कादंबरीला ‘सात सक्कं त्रेचाळीस’च्या शेजारी ठेवून, भाषेची रेषा मध्ये न आखता, अद्याप पुरेसे वाचलेले नाही. तसे वाचताना ‘बटाट्याची चाळ’ही टेबलावर ठेवावी लागेल, कारण १९५८ मध्ये त्या चाळीच्या गॅलरीतून जे दिसत होते त्यात माझगावचा पाचवा मजला नव्हता.